'टेन्शन घेऊ नका' म्हणजे नेमकं काय करायचं नाही?

पानगळ

गेल्या महिन्यात पाठीवरची एक गाठ काढली. साधी चरबीची गाठ, तीन टाके, काळजीचं काही नाही. टाके निघाले, पण जखम काही भरेना. एक आठवडा गेला, दुसरा गेला, कडा लालच आणि मध्ये ओल. साखर तपासली, ती ठीक. ड्रेसिंग बदलता बदलता डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही ताण?" म्हटलं, सासूबाईंना डिमेन्शिया आहे, अडीच वर्षं झाली, रात्री तीनदा तरी उठावं लागतं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. टेन्शन 'घेतात' म्हणजे काय? कुणीतरी वाढायला आलं होतं आणि मी नको म्हणायला विसरले?

मग रात्रीच्या जागरणात शोधाशोध केली. १९९५ साली अमेरिकेत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाची देखभाल करणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि त्याच वयाच्या, साधारण तशाच उत्पन्नाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी १३. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली. मग नियमित फोटो काढायचे आणि जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघायचं. फेस आला तर अजून भरलेली नाही, फेस थांबला की भरली. दुसऱ्या गटाला सरासरी ३९ दिवस लागले. देखभाल करणाऱ्यांना जवळजवळ ४९.

वाचून मला विचित्र बरं वाटलं. म्हणजे मी नाटक करत नव्हते.

तर प्रश्न असा: माणसाचं मन (आणि मनामागोमाग शरीर) धड राहतं की बिघडतं, हे ठरतं कशावर? स्वभाव? पैसा? झोप? माणसं? उपदेश नको, तो घरात मुबलक आहे. माहिती आणि अनुभव लिहा.

---

गाठोडं

जागा धरायला रुमाल. सावकाश येतो.

---

सदाहसतमुख

ताई, लेख मनापासून आहे. पण उत्तर इतकं अवघड नाही. आनंदाचं गणित मांडलेलं आहे. ५० टक्के आनुवंशिक, ते आपल्या हातात नाही. परिस्थिती फक्त १० टक्के! उरलेले ४० टक्के आपले विचार आणि सवयी. म्हणजे सासूबाईंचं आजारपण त्या १० टक्क्यांतलं. तुम्ही ४० टक्क्यांवर काम करा. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहून काढा. मी सहा वर्षं लिहितो आहे.

---

रातपाळी

"परिस्थिती फक्त १० टक्के" हे वाचून लॉगिन करावंच लागलं. एरवी वाचनमात्र असते.

मी पाळीची नोकरी करते. कामाचं विचाराल तर काम मला आवडतं, कष्टांना ना नाही. पण ड्यूटीचा तक्ता रविवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर येतो, आणि सोमवारी सकाळी सातची पाळी असू शकते किंवा रात्री आठची. रविवारी साडेसातपासून घरात सगळे हळू बोलतात. लेक विचारते, "आई, आला का?" मी फोन उलटा ठेवते, दोन मिनिटांनी परत सुलटा करते. मुलीच्या शाळेत पालकसभेला 'येते' म्हणायची माझी हिंमत होत नाही.

एका महिन्यात तक्ता करणारी व्यक्ती रजेवर होती आणि बदली माणसाने महिन्याचा तक्ता एकदम लावला. पाळ्या तेवढ्याच, रात्रपाळ्या उलट एक जास्तच. तरी त्या महिन्यात माझं डोकं एकदाही दुखलं नाही. हे कुठल्या टक्क्यात बसवायचं?

---

उलटतपासणी

रातपाळी, तुम्ही जे सांगता त्याला अभ्यासात नाव आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की कामाचा बोजा एकटा तितका घातक नसतो. बोजा जास्त आणि ते काम कसं, कधी करायचं याबद्दल बोलायला वाव नाही, अशी जोडी जमली की माणूस पिचतो.

याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा ब्रिटिश सरकारी नोकरांचा, 'व्हाइटहॉल' अभ्यास. १९६७ पासून सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवल्या. यात कुणी कंगाल नव्हतं. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना तीच सरकारी आरोग्यसेवा. तरी तळाच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट निघाला. आणि तो फरक पायरीपायरीने होता. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीतले, चांगले खाऊनपिऊन सुखी साहेबसुद्धा पहिल्या श्रेणीपेक्षा लवकर मरत होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरले तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. मग १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्री-पुरुषांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात दिसलं की कामावर ताबा कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो.

आपल्याकडे समजूत उलटी असते: टेन्शन साहेबाला, शिपाई बिनधास्त.

आता ५०-१०-४० बद्दल. तो आकडा २००५ च्या एका लेखातला (ल्युबोमिर्स्की, शेल्डन आणि श्काडे). गोची अशी की हे टक्के माणसामाणसांतल्या *फरकाचे* आहेत, एका माणसाच्या आनंदाचे नव्हेत. आयताचं क्षेत्रफळ घ्या. 'माझ्या या आयतात लांबीचा वाटा किती टक्के' हा प्रश्नच चुकीचा आहे. शंभर आयतांमध्ये लांबी सगळ्यांची जवळपास सारखी असेल, तर क्षेत्रफळातला बहुतेक फरक रुंदीमुळे दिसेल. त्यावरून लांबी बिनकामाची ठरत नाही. ज्यांची परिस्थिती साधारण सारखी आहे अशाच लोकांना प्रश्न विचारले, तर परिस्थितीचा वाटा कमी दिसणारच. शिवाय त्या १० टक्क्यांत वय, उत्पन्न, विवाह अशा ठोकळ गोष्टी होत्या. रात्री तीनदा उठणं त्यात कुणी मोजलेलं नव्हतं. मूळ लेखकांपैकी दोघांनीच २०१९ मध्ये पुन्हा लिहून कबूल केलं की हे टक्के दाखवणाऱ्या त्यांच्या गोल आकृतीचा उपयोग आता संपला.

जुळ्यांच्या अभ्यासांतूनही आनुवंशिक वाटा ५० पेक्षा खाली, ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास येतो. तोही समूहातल्या फरकाचाच.

---

सदाहसतमुख

बरं, आकडा चुकला असेल. पण सवयीने फरक पडतो हे मी स्वतः अनुभवलंय. प्रत्येक गोष्टीत खोट काढली की माणसाने काय करायचं, रडत बसायचं?

---

उलटतपासणी

रडत बसा कोण म्हणालं? आकडा चुकीचा आहे एवढंच म्हणालो.

---

खिडकीपाशी

दोघांनीही जरा दमाने. धागा चांगला चाललाय.

मी नोकरी गेल्यावरची गोष्ट सांगतो, कारण 'काम म्हणजे ताण' असं इथे सगळे धरून चाललेत. माझी कंपनी विभाग बंद करून मोकळी झाली तेव्हा मी ४७ वर्षांचा होतो. वर्षभराचा पगार हातात मिळाला, म्हणजे पोटाची चिंता नव्हती. पहिल्या दिवशी ठरवलं की आता राहिलेलं वाचन उरकू. कपाटात बारा पुस्तकं वेगळी काढून ठेवली होती, त्यांच्या पाठी माझ्याकडे अशा वळवून.

आठ महिन्यांत दीड पुस्तक झालं. दाढी आधी नऊला व्हायची, मग अकराला, मग एक दिवसाआड. दुपारी जेवायला बायको ऑफिसातून फोन करून आठवण करायची. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे दिवसभर काही न करता मी *दमायचो*.

पुढे मारिएनथालबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. व्हिएन्नाजवळचं छोटं गाव. तिथली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे जाऊन जे नोंदवलं ते १९३३ मध्ये छापून आलं. लोकांना वेळच वेळ होता, वाचनालयाची फी काढून टाकली होती, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्याने हळू चालायला लागले (हे लोक खिडकीआड बसून वेग मोजायचे!), मध्येमध्ये उगाच थांबायचे. बहुतेकांनी घड्याळ बाळगणं सोडलं. दिवसाचा हिशेब लिहायला सांगितल्यावर एकाला सकाळच्या दोनतीन बारीकसारीक गोष्टींपुढे काही आठवेना, म्हणून त्याने लिहिलं की तेवढ्यात दुपार होते.

बायकांचा वेग मात्र कमी झाला नाही. त्यांना घर होतं, काम संपलेलंच नव्हतं.

याहोडा यांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराव्यतिरिक्त आणखी पाच गोष्टी गुपचूप देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी गाठ, आपल्याहून मोठ्या कशाततरी वाटा, समाजात एक जागा आणि हातांना चाळा. गेल्याशिवाय त्या दिसत नाहीत. मी नोकरीवर असताना यातल्या प्रत्येक गोष्टीवर कुरकुर केलेली आहे. सकाळच्या मीटिंगवर तर विशेष.

अवांतर: आयडी असा का विचाराल तर त्या आठ महिन्यांत मी तिथेच बसलेला असायचो.

---

गाठोडं

वाखूसा (वाचनखूण साठवली). रुमाल तिथेच आहे.

---

निळीशाई

मी समुपदेशनाचं काम करते, सतरा वर्षं झाली. इथे एक गोष्ट कुणी काढली नाही, ती म्हणजे बोलायला माणूस असणं. 'सामाजिक पाठबळ' वगैरे शब्द मी मुद्दाम टाळते. ते शब्द ऐकले की लोकांच्या डोळ्यांसमोर लग्नातली गर्दी येते.

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांच्या घरी जाऊन तासन्‌तास मुलाखती घेतल्या. १९७८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नैराश्य आलेल्या बहुतेकींच्या आयुष्यात अलीकडे एखादा जबर आघात किंवा दीर्घ अडचण होती. पण आघात झालेली प्रत्येक बाई आजारी पडली नव्हती. मग कोण पडलं? चार गोष्टी पुढे आल्या: मनातलं बोलावं असं जवळचं नातं नसणं, घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं, अकरा वर्षांची होण्याआधी आई गेलेली असणं, आणि घराबाहेर काम नसणं. यातली 'स्वभाव' म्हणावी अशी एकही नाही.

पहिल्या गोष्टीवर जरा रेंगाळते, कारण रोज बघते. खोलीत आलेल्या माणसाला मी विचारते, "हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंय?" बरेच जण आधी हसतात. मग मोठी यादी सांगतात: नवरा आहे, बहीण आहे, चार मैत्रिणी आहेत. मी म्हणते, "आहेत ते कळलं. *सांगितलंय* कुणाला?" तिथे शांतता. एक गृहस्थ, तीस माणसांचं कुटुंब, दोन मिनिटं छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आता तुम्हालाच." (तपशील अर्थातच बदललेले आहेत.) माणसांत असूनही एकटं असणं यालाच म्हणतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

शरीरावर परिणाम म्हणाल, तर ज्युलियान होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र केले, तीन लाखांहून जास्त माणसं. नात्यांची वीण घट्ट असलेल्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. परिणामाचा आकार धूम्रपान सोडण्याच्या तोडीचा.

पानगळ, तुम्हाला एकच विचारते. सासूबाईंना कसं वाटतंय हे लोक विचारतात. *तुम्हाला* कसं आहे हे शेवटचं कुणी विचारलं?

---

पानगळ

निळीशाई, त्या प्रश्नावर दोन दिवस उत्तर लिहून खोडते आहे.

डॉक्टरांनी विचारलं होतं. मग म्हणाले टेन्शन घेऊ नका.

---

वाटाण्याच्या_अक्षता

सगळं मान्य, पण पैशाचं कुणी बोलेना! खिडकीपाशी, तुमच्याकडे वर्षभराचा पगार होता म्हणून तुम्ही आकार आणि चाळा यांवर विचार करू शकलात. राग मानू नका. माझ्या लहानपणी घरमालक यायचा त्या दिवशी आई आम्हाला विनाकारण मारायची. आई वाईट नव्हती. महिन्याची पाच तारीख वाईट होती.

---

निळीशाई

वाटाण्याच्या अक्षता, तुमच्या शेवटच्या वाक्याला जवळजवळ प्रयोगानेच दुजोरा मिळालेला आहे.

गरिबी आणि मनाचे त्रास एकत्र दिसतात हे जुनंच. वाद असतो तो यावर की गरिबीने माणूस बिघडतो की बिघडलेला माणूस गरिबीत घसरतो. प्रयोग करून बघता येत नाही, कारण अर्ध्या लोकांना श्रीमंत करायचं कुणी? पण एकदा तसं घडलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रामीण भागात जेन कॉस्टेलो आणि सहकारी १९९३ पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याच्या दरवर्षी नोंदी घेत होते. त्यांतली सुमारे पाव मुलं मूळनिवासी चेरोकी समाजाची. मध्येच, १९९६ मध्ये, त्या समाजाच्या जमिनीवर कसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा समाजातल्या प्रत्येकाला मिळू लागला. कुणी मेहनत जास्त केली, कुणी विचार सुधारले म्हणून नव्हे. नुसता मिळाला.

जी कुटुंबं त्यामुळे गरिबीतून बाहेर आली, त्यांच्या मुलांमधली आक्रमकता, उद्दामपणा, मोडतोड अशी लक्षणं चार वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आली. चिंता आणि नैराश्याची लक्षणं मात्र फारशी हलली नाहीत, हेही सांगायला हवं. आणि हे झालं कशातून? संशोधकांनी खोदून पाहिलं तर मुख्य दुवा निघाला आईवडिलांचं मुलांकडे लक्ष असणं. पैशाने मुलांसाठी काय *विकत* आणलं यापेक्षा आईवडिलांचं लक्ष मोकळं झालं.

---

वाटाण्याच्या_अक्षता

हे आईला वाचून दाखवणार आहे.

---

रातपाळी

झोपेचं मी सांगते, माझा हक्कच आहे.

आपण धरून चालतो की मन अस्वस्थ म्हणून झोप नाही. उलट दिशाही तितकीच खरी आहे. ब्रिटनमध्ये २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. निद्रानाश असलेल्या मुलांपैकी अर्ध्यांना फक्त झोप सुधारायचा ऑनलाइन कार्यक्रम दिला. झोप सुधारली ती सुधारलीच, पण लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं, भास होणं हेही कमी झालं. त्या मुलांच्या विचारांना कुणी थेट हातही लावला नव्हता.

त्या पद्धतीत करायचं काय, तर उठायची वेळ पक्की ठेवायची, रात्र कशीही गेली तरी. अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटं तळमळलात तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत. 'अंथरुणात पडून राहिलं तरी विश्रांती मिळते' हे घरोघरचं शहाणपण इथे उलटं पडतं, कारण अंथरूण आणि तळमळ यांची सांगड पक्की होत जाते. मी पाळीमुळे हे पूर्ण पाळू शकत नाही. तेवढ्यासाठी तरी तक्ता आधी लावा रे.

---

सदाहसतमुख

मी परत आलोय. वरचं सगळं वाचलं. आधी फुरंगटून बसलो होतो, खोटं कशाला बोलू.

माझे वडील अचानक गेले. मी एकुलता एक. वर्षभर मला कशातच चव नव्हती. ती तीन ओळींची वही तेव्हा सुरू केली. पहिल्या पानावर काय आहे सांगतो: "नळ गळायचा थांबला." दुसरी ओळ रिकामी. तिसरी रिकामी. असं महिनाभर. मग दोन ओळी भरायला लागल्या. त्यामुळे माझ्यापुरती वही खरी आहे. पण तुमच्या चर्चेनंतर शंका आली की बरं वही*मुळे* वाटलं का. तो नळ मी स्वतः दुरुस्त केला होता. वडील गेल्यानंतर मी स्वतःहून केलेली ती पहिली गोष्ट.

ताई, '४० टक्क्यांवर काम करा' म्हणालो ते मागे घेतो.

---

उलटतपासणी

सदाहसतमुख, मागे घेऊ नका, कारण तुमचा नळ हाच मुद्दा आहे.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले (क्रूर होते, आज तशी परवानगी मिळणं अवघड). काहीही केलं तरी विजेचा झटका थांबत नाही असा अनुभव दिलेली कुत्री पुढे, सुटका सहज शक्य असतानाही, जागची हलत नसत. ज्यांना झटका थांबवता येत होता ती मात्र पुढे सुटून जात, झटके दोघांनाही तेवढेच मिळालेले असूनही. निष्कर्ष काढला: असहायता *शिकली* जाते.

गंमत पुढे आहे. मायर नंतर मेंदूविज्ञानात गेले आणि अनेक वर्षं त्याच प्रश्नाचा मेंदूतला मार्ग शोधत राहिले. २०१६ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकलं जातं ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. मेंदूच्या पुढच्या भागाला तसा पुरावा मिळाला की तो खालून येणारी ती गप्प करणारी लाट दाबतो.

हा पुरावा विचार करून मिळत नाही. गळणारा नळ थांबावा लागतो. आणि असे नळ कुणाच्या वाट्याला येतात, कुणाच्या येत नाहीत, ते परिस्थिती ठरवते. रातपाळीच्या बाबतीत तो तक्ता आहे.

---

खिडकीपाशी

+१. माझी गाडी रुळावर आली ती सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक माझ्या गळ्यात पडलं तेव्हा. फुकटचं काम, वर शिव्या. पण सकाळी साडेसहाला उठावं लागायचं.

---

निळीशाई

एक सावधगिरीची ओळ टाकते, धंद्याची सवय. इथे आपण ताण, उदासी आणि आजार एकाच पिशवीत घालतोय. दोन आठवडे किंवा जास्त सलग, जवळजवळ दिवसभर मन बुडालेलं, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, जगण्यात अर्थ नाही असे विचार, तर नळ दुरुस्तीची वाट बघू नये. मनोविकारतज्ज्ञांकडे जावं, औषध लागलं तर घ्यावं. मरणाचे विचार असतील तर आजच. परिस्थितीमुळे आलेलं नैराश्यही औषधाने हलकं होऊ शकतं, आणि हलकं झाल्यावर परिस्थितीला हात घालायची ताकद येते.

आणि पानगळ, आजारी माणसाची देखभाल करणाऱ्याला 'स्वतःची काळजी घ्या' म्हणणं हे एक नवीन काम देणं असतं. त्यामुळे ते म्हणत नाही. घरात आणखी कोण आहे? ठरलेला वार, ठरलेली वेळ, दर आठवड्याला. 'लागलं तर सांग' म्हणणारे नकोत.

---

गाठोडं

रुमाल उचलतो. माझं सगळं वर येऊन गेलंय. एवढंच, की इथे लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक नेमकी वेळ आठवते आहे. साडेनऊ, अकरा, पाच तारीख, साडेसहा.

---

पानगळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

निळीशाईंचा प्रश्न मी शेवटी घरातच विचारला, म्हणजे ओरडले. दिरांसमोर. ते महिन्यातून एकदा येतात, आईजवळ पंधरा मिनिटं बसतात, डोळे पुसतात आणि म्हणतात, "वहिनी, काही लागलं तर सांगा." म्हटलं, लागतंय. गुरुवार लागतोय, चार ते सात. ते गडबडले. म्हणाले, मला आईचं काही येत नाही. म्हटलं, मलाही येत नव्हतं.

मग त्यांना सगळं दाखवलं. कुठली गोळी कुठल्या डबीत, कूस कशी बदलायची, त्या "माझी आई कुठे आहे" विचारायला लागल्या की 'ती वारली' सांगायचं नाही, 'कशी होती हो तुमची आई?' असं विचारायचं. हे शेवटचं मला शोधून काढायला वर्ष लागलं होतं.

पहिल्या गुरुवारी बाहेर पडले आणि कुठे जायचं ते सुचेना. खालच्या जिन्यात बसून राहिले, जवळजवळ तासभर. कुणी काही मागितलं नाही. दुसऱ्या गुरुवारी मैत्रिणीकडे गेले आणि तिला सांगितलं. *सांगितलं*, निळीशाई.

जखम भरली. गुरुवारमुळे की नव्या मलमामुळे की तिची तीच, ते कळायला मार्ग नाही. उलटतपासणी, तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते, नमुना एकाचाच आहे.

सासूबाईंचं तसंच आहे, रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतंच. आज तिसरा गुरुवार. पावणेपाच झाले, दीर अजून आलेले नाहीत. फोन लागत नाहीये.

---

रातपाळी

आले का?

---

पानगळ

आले. धावत जिना चढले, घामाघूम. पहिलं वाक्य, "वहिनी, सात नाही, आज पावणेआठला या."